जागल्या गप्प झाला

१

तरुण संशोधकांच्या पुरस्काराचं सभागृह सकाळी उघडलं तेव्हा तिथं सगळं जागच्या जागी होतं. खुर्च्या रांगेत, फुलदाण्या टेबलांवर, व्यासपीठामागचा पडदा नवरदेवाच्या सदऱ्यासारखा कडक. पहिल्या क्रमांकाचं यंत्रसुद्धा काचेच्या पेटीत, मखमलीवर ऐटीत बसलेलं. फक्त त्याच्या तोंडावरच्या जाळीमागे जिथं काल चांदीच्या नाण्याएवढी चकती चमकत होती, तिथं आता नुसतं काळं भोक होतं.

संस्थेच्या सचिवांनी ते भोक पाहिलं आणि त्यांच्या पोटात त्याहून मोठं भोक पडलं.

"जीभ कापली हो! यंत्राची जीभ कापली कुणीतरी!" असं ओरडत ते परीक्षकांच्या खोलीत शिरले, तेव्हा डॉक्टरीणबाई शांतपणे चहात बिस्कीट बुडवत होत्या.

डॉक्टरीणबाई म्हणजे परीक्षकांच्या प्रमुख. उभी हयात कानाची डॉक्टरकी करण्यात गेलेली. त्यांच्या स्वतःच्या कानांची ख्याती अशी, की भिंतीपलीकडच्या घरात कुणी मनातल्या मनात शिवी दिली तरी त्या इकडून "भाषा सांभाळा" म्हणून दटावत. एकदा म्हणे त्यांनी रोग्याच्या कानाला कान लावून त्याच्या बायकोचं भांडण ऐकलं होतं, आणि न्यायही करून दिला होता. आता वय सत्तरीच्या पल्याड गेलं तरी कान ठणठणीत आहेत, असं त्यांचं ठाम म्हणणं. बिघाड असलाच तर तो जगात होता. हल्ली जग पुटपुटायला लागलं होतं.

"नीट बोला," त्या सचिवांना म्हणाल्या. "कुणाची जीभ?"

"जागल्याची!"

बाईंच्या हातातलं बिस्कीट तुटून चहात बुडालं.

'जागल्या' हे त्या यंत्राचं नाव. आजारी माणसाच्या छातीला एक मऊ पट्टा बांधायचा. पट्टा श्वास मोजत राहणार आणि श्वास अडकला की जागल्या गजर करणार. कॉलेजात शिकणाऱ्या एका पोरीनं ते घरात बसून, जुन्या रेडिओचे आणि खेळण्यांचे तुकडे जोडून बनवलं होतं. पोरीला तिचे आजोबा 'ठिणगी' म्हणत आणि इथंही ती त्याच नावानं सगळ्यांची झाली होती. जागल्या तिनं आपल्या आईसाठी बनवला होता. आईला जाऊन वर्ष झालं होतं.

"संध्याकाळी पाहुण्यांसमोर यंत्र चालवून दाखवायला हवं," सचिव घाम पुसत म्हणाले. "नियमच आहे. नाही चाललं तर पहिला क्रमांक जाणार आणि दुसऱ्याला मिळणार. मी पोलिसांना बोलावतो."

"तुम्ही आधी खाली बसा," बाई म्हणाल्या. "आणि संध्याकाळपर्यंत कुणालाही काहीही बोलावू नका. ही पोर मला आवडली आहे."

२

काचेच्या पेटीला कुलूप नव्हतं, साधी कडी होती. सभागृहाला मात्र कुलूप होतं, आणि ते काल संध्याकाळी सचिवांनी स्वतःच्या हातानं लावलं होतं. ते लागण्याआधी मागे रेंगाळलेली माणसं चारच : ठिणगी, तिचे आजोबा, तिचे मार्गदर्शक सर, आणि ज्याला सगळे 'दोन नंबर' म्हणून चिडवत होते तो दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा.

बाईंनी यंत्र टेबलावर घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि पाठीमागचं झाकण उघडलं. त्यांना वाटलं होतं, आत तारांची आतडी लोंबत असतील. तसं काहीच नव्हतं. चकती जिथं जोडलेली होती तिथलं सोल्डर वितळवून अलगद काढलेलं, खालची पट्टी लख्ख पुसलेली. झाकणाचे स्क्रू पुन्हा बसवताना पिळून आवळलेले नव्हते. जेवढे हवेत तेवढेच. शेजारची एक बारीक तार मोकळी राहिली असती, तिच्या टोकाला चिकटपट्टीचा चिमुकला तुकडा गुंडाळलेला, उगाच कुठं टेकून यंत्र जळू नये म्हणून.

"हा कसला शत्रू?" बाई पुटपुटल्या. "जीभ कापली आणि जखमेवर पट्टीही बांधून गेला."

त्यांना कालचं प्रात्यक्षिक आठवलं. काय मजा आली होती! सरांच्या गुबगुबीत छातीला पट्टा बांधून त्यांना बाकावर आडवं केलं होतं. ठिणगी समोर उभी राहून धीटपणे बोलत होती, "माणूस कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला डुलकी लागते. यंत्राला डुलकी नसते." पहिल्या रांगेत तिचे आजोबा हातातली टोपी गुडघ्यावर फिरवत बसले होते. ते वाक्य आलं तेव्हा त्यांनी टोपी फिरवायची थांबवली, एवढं बाईंच्या नजरेनं टिपलं होतं.

मग सरांनी श्वास धरला. सर टोमॅटो झाले, मग वांगं झाले. बाईंना त्यांची दया आली. त्या म्हणाल्या, "अगं, किती छळशील तुझ्या सरांना? वाजणार कधी हे?"

आणि सगळं सभागृह खो खो हसलं होतं. आपला विनोद एवढा रंगला म्हणून बाईही हसल्या होत्या. ठिणगी तेवढी हसली नव्हती. ती बाईंकडे बघत होती, मग तिनं आजोबांकडे बघितलं, मग पुन्हा बाईंकडे. आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. तेव्हा बाईंना वाटलं, पोर घाबरली. सभेची भीती.

आज तो चेहरा आठवला आणि बाईंना कुठंतरी टोचलं. पण काय टोचतंय ते काही हाती लागेना.

३

सर आले ते हात झटकतच.

"माझ्यावर संशय? मी त्या यंत्राचा निम्मा बाप आहे!"

"तेच तर ऐकलंय मी," बाई म्हणाल्या. "मानपत्रावर निम्म्या बापाचं नाव यावं म्हणून सचिवांच्या मागे लागला होतात, आणि पोरीनं नाही म्हणून सांगितलं."

सरांचे कान तांबडे झाले. "मागितलं नाव. मागू नये का? पण मोडेन कशाला? यंत्र गेलं तर माझं उरलंसुरलंही गेलं. आणि मला सोल्डर येत नाही हो, बाई. मी नुसतं शिकवतो."

एवढं खरं कुणी रागाच्या भरातच बोलू शकतं. बाईंनी त्यांना सोडून दिलं.

दोन नंबर आला तो खुर्चीवर उलटा बसला. झाडावरची फळं हलकेच तोडणारा यंत्राचा हात त्यानं बनवला होता, आणि तो हात त्याच्यापेक्षा सभ्य होता.

"आजी, माझ्यावरच येणार ना सगळं? पहिला पडला की दुसरा चढतो. सरळ हिशेब आहे."

"मग चढायचंय का तुला?"

"असं चढून?" पोरानं मान हलवली. "माझा हात काल तिच्यामुळे चालला. मोटर अडकली होती. आपलं सामान टाकून ती माझ्याजवळ बसली. स्वतःची सोल्डरची पेन पण दिली मला. संध्याकाळी परत मागून घेतली."

"संध्याकाळी? प्रात्यक्षिक संपल्यावर?"

"हो. म्हणाली, थोडं काम राहिलंय." आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तो घाईनं म्हणाला, "तसं काही नाही हां, आजी. तिचं यंत्र आहे ते. ती कशाला…"

दारावर टकटक झाली. दारात ठिणगीचे आजोबा उभे होते. उंच, वाकलेले, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. बॉयलरच्या कारखान्यात पोलादी पत्र्यांवर रिव्हेटांचे खिळे ठोकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी टोपी काढली, कोटाच्या खिशात हात घातला आणि टेबलावर चांदीसारखी एक चकती ठेवली.

"त्या पोराला जाऊ द्या, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "चोर मी आहे."

४

दोन नंबरला बाहेर पाठवून बाईंनी आजोबांना खुर्ची दिली. सचिव कोपऱ्यात उभे राहिले, कारण त्यांच्यानं बसवत नव्हतं.

"का केलंत, आजोबा?"

"सांगतो." म्हाताऱ्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "घरात आम्ही तिघंच. माझी लेक, तिची लेक आणि मी. लेकीचा श्वास रात्री अडकायचा. एक रात्र पोर जागायची, एक रात्र मी. उशाशी बसायचो, तिच्या छातीकडे बघत. मग पोरीनं हे यंत्र केलं. म्हणाली, आबा, आता उशाशी बसून डोळे फोडू नकोस, बाहेरच्या खोलीत बस, जागल्या हाक मारेल. छान चाललं होतं. तो वाजायचा, पोर धावायची, पोर धावली की मीही धावायचो. मग तिची परीक्षा आली परगावी. त्या रात्री मी एकटा."

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. म्हाताऱ्यानं चटकन मान वळवून तिकडे बघितलं आणि तो पुन्हा बोलू लागला.

"सकाळी पोर परतली तेव्हा यंत्र वाजत होतं आणि मी खुर्चीत झोपलेला. लेक कधीच गेलेली. मी म्हणालो, पोरी, आत्ता उजाडताना डोळा लागला गं, रात्रभर टक्क जागा होतो. पण पोर म्हणाली, यंत्र वाजत होतं. कुणाचं खरं मानायचं? पोरीनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. तेव्हापासून ती मला ताट वाढते, औषध देते, आणि माझ्याशी बोलत नाही."

सचिवांनी नाक ओढलं.

"आता तर मलाच वाटतं, झोपलो असेन," म्हातारा म्हणाला. "म्हणून मोडलं. तो आवाज वर्षभर माझ्या कानात बसलाय. सहन होईना."

कबुली होती, कारण होतं, चोरीचा मालही टेबलावर होता. सचिवांना तर खटला संपल्यासारखाच वाटला. पण बाईंची नजर म्हाताऱ्याच्या हातांवर होती. ते हात टोपी धरूनही थरथरत होते. त्या हातांनी ती बारीक तार चिमटीत धरून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली होती?

"आजोबा," त्या सहज विचारावं तसं म्हणाल्या, "कसा आहे हो तो आवाज?"

"आँ?"

"जागल्याचा. कानात बसलाय म्हणालात. कसा वाजतो?"

म्हातारा गडबडला. "कसा म्हणजे… घंटेसारखा. कारखान्यातली सुट्टीची घंटा असते ना, तशी. ठण ठण."

"असं होय," बाई म्हणाल्या. आणि त्यांच्या ध्यानात आलं की तो आवाज कसा आहे हे त्यांनाही ठाऊक नाही. कारण काल तो वाजलाच नव्हता.

५

दोन नंबर बाहेर भिंतीला टेकून नखं खात होता.

"जागल्याचा आवाज कसा आहे रे?" बाईंनी त्याला गाठून विचारलं. "घंटेसारखा?"

"घंटा? छे हो, आजी! सुई आहे ती सुई. बारीक, उंच. दाढेत कळ जाते."

"तुला काय ठाऊक? तू ऐकलास कधी?"

"काल. सगळ्यांनी ऐकला."

"काल तर वाजलंच नाही! सर वांगं झाले तरी वाजलं नाही. मीच विचारलं, वाजणार कधी म्हणून."

पोरगा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा वात्रटपणा हळूहळू उतरला, आणि तो एकदम हळुवार झाला, जसे आपण आजारी माणसाशी होतो.

"आजी," तो म्हणाला, "तुम्ही विचारलंत तेव्हा तो वाजतच होता. आम्ही कान झाकले होते. म्हणून तर सगळे हसले."

बाईंनी त्याला दंडाला धरलं.

मग त्या त्याला घेऊन परत खोलीत आल्या. आजोबांना सचिवांनी बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं होतं. बाईंनी पोराला चकती दिली, घड्याळातली एक बॅटरी दिली आणि म्हणाल्या, "माझ्या पाठीमागे उभा राहा. हिला बॅटरी जोड. कधी जोडतोस ते सांगू नकोस."

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाहेर माळी पाइपानं पाणी मारत होता, ते ऐकू येत होतं. सचिवांच्या बुटांची करकर ऐकू येत होती. बाकी खोली शांत होती, छान शांत. बाईंनी वाट बघितली. मग अजून थोडी बघितली.

"जोड ना रे," त्या म्हणाल्या.

उत्तर आलं नाही म्हणून त्या वळल्या. पोरानं चकती आणि बॅटरी लांब धरली होती, एक कान खांद्यानं दाबला होता आणि चेहरा आंबट केला होता.

"सचिवसाहेब," बाईंनी विचारलं, "तुम्हाला काही येतंय ऐकू?"

साठीचे सचिव खाली बघू लागले. "नाही. कालही आलं नव्हतं."

"मग काल हसलात कशाला?"

"सगळे हसले म्हणून."

उभी हयात बाईंनी लोकांना हे सांगितलं होतं. वय झालं की कानाची वरची पट्टी आधी जाते. बोलणं कळतं, दार वाजलेलं कळतं, पण बारीक, उंच आवाज गळून पडतात, आणि गळाले हे कळतसुद्धा नाही, कारण न ऐकलेल्या गोष्टीची आठवण कुणाला असणार? आणि पत्र्यांच्या ठणठणाटात हयात काढलेल्या माणसाची ती पट्टी तर तरुणपणीच गेलेली असते. खुर्ची सरकली की तो मान वळवतो. सुई टोचली तरी त्याला पत्ता नसतो. हजार कान तपासलेल्या बाईंना काल दोन कान कळले नव्हते, आणि त्यातला एक तर स्वतःचा.

"त्याला सुईऐवजी घंटा वाटली," त्या हळूच म्हणाल्या, "कारण त्यानं जागल्याला कधी ऐकलंच नाही. एकदाही नाही. पोर धावली की तो धावायचा."

सचिवांना अजून उलगडत नव्हतं. "मग ही चकती त्यांच्याकडे कशी?"

"सोल्डरची पेन नातीकडे होती, चकती तिनंच काढली; तिच्या खिशात त्याला सापडली असेल. घराची किल्ली शोधताना हाती लागली असेल. त्यानं कारण विचारलं नाही. तिनं केलंय म्हणजे तिला वाचवायचं, एवढंच त्याला समजलं." बाईंनी चष्मा काढून पुसला. "कुठाय ती?"

६

ठिणगी व्यासपीठामागच्या खोलीत उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली होती. बाईंनी तिच्यासमोर चकती ठेवली आणि शेजारच्या खोक्यावर टेकल्या.

"कळलं तुम्हाला," पोर म्हणाली.

"माझ्यामुळेच कळलं ना तुला?"

तिनं मान हलवली. "तुम्ही विचारलंत, वाजणार कधी. मला वाटलं, चेष्टा करताय. पण तुमच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. मग मी आबाकडे बघितलं. सगळी मुलं कानावर हात ठेवून होती आणि आबा तुमच्यासारखाच बसला होता. वाट बघत."

"आणि काल संध्याकाळी?"

"सगळे गेल्यावर पुन्हा वाजवला. आबा बाहेर बाकावर होता, दारातून दिसत होता. बुटाची नाडी बांधत होता. मी वाजवत राहिले, बाई. त्यानं मान वर केली नाही. नाडी बांधून झाल्यावर दुसऱ्या बुटाची बांधली."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"यंत्र तपासलं मी. किती वेळा तपासलं! पट्टा बरोबर, मोजणी बरोबर, गजर बरोबर. पण ऐकायचे ते माझेच कान. आवाज बारीक ठेवला तो मीच, छोटी चकती, बॅटरी जास्त टिकते म्हणून. मला ऐकू येत होतं म्हणजे सगळ्यांना येणार. आबा उशाशी बसायचा, त्याला तिथून मीच उठवलं. तो तिथं बसला असता तर आई…"

"ते कुणाला ठाऊक नाही."

"आणि वर्षभर मी त्याला झोपाळू ठरवला. काल सगळ्यांसमोर बोलले, यंत्राला डुलकी नसते." तिनं तोंड ओंजळीत लपवलं. "आज संध्याकाळी व्यासपीठावर तो पुन्हा वाजणार, आबा समोर बसून टाळ्या वाजवणार. ते माझ्यानं बघवणार नव्हतं. म्हणून जीभ काढली."

दाराशी चाहूल लागली. आजोबा उभे होते. किती ऐकलं होतं त्यांनी ते कळायला मार्ग नव्हता. त्यांच्यामागे सर घुटमळत होते.

"अगं, त्यात एवढं काय?" सर पुढे येऊन हलक्या आवाजात म्हणाले. "जाड आवाजाचा भोंगा बसवू. अर्ध्या तासाचं काम. कुणाला काही सांगायची गरजच नाही. बक्षीस घे आणि मोकळी हो."

ठिणगीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती उठून आजोबांसमोर गेली.

"आबा, तू झोपला नव्हतास."

"आँ?"

ती जवळ गेली, हळू आणि जाड आवाजात बोलली, बाईंनी कधी न शिकवताच. "त्या रात्री. तू जागा होतास. यंत्र वाजलं ते तुला ऐकूच आलं नाही. ते तुला ऐकू येण्यासारखं नव्हतं. चूक माझी."

म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"म्हणजे ती तिकडे… आणि यंत्र माझ्या नावानं ओरडत होतं… आणि मी पलीकडे बसून तुझ्यासाठी डब्याला दांडा बसवत होतो." तो थांबला. "दांडा बसला होता बघ चांगला."

पोर रडू लागली. म्हाताऱ्यानं तिचं डोकं आपल्या कोटात ओढून घेतलं, आणि तिच्या डोक्यावरून बाईंकडे बघत, जरा चोरट्या आवाजात म्हणाला, "डॉक्टरीणबाई, हे इथंच राहू द्या. मी झोपलो होतो असंच असू दे. म्हातारा माणूस, लागला डोळा, लोक विसरतात. हिचं आत्ता कुठं सुरू होतंय. लोक म्हणतील, हिच्या यंत्रानं… मला आता सवय झालीय."

बाईंनी आयुष्यात पुष्कळ कबुल्या ऐकल्या होत्या. पण निर्दोष सुटलेला माणूस शिक्षा परत मागताना त्यांनी पहिल्यांदाच बघितला.

"हे ठरवायचं तिनं आहे, आजोबा," त्या म्हणाल्या. "मी नाही, आणि तुम्हीही नाही."

ठिणगीनं कोटातून तोंड काढलं. समोर ठेवलेली चकती उचलली आणि दोन नंबरला हाक मारली.

"पेन दे रे तुझ्याकडची… नको, माझीच आहे इथं. भोंगा आहे का तुझ्या सामानात? जाड आवाजाचा?"

"हाताला लावलाय, धोक्याचा म्हणून. काढतो."

"तुझा हात मग मुका होईल ना."

"असू दे," दोन नंबर म्हणाला. "त्याला तसंही काही बोलायचं नव्हतं."

७

संध्याकाळी सभागृह भरलं. पुढच्या रांगांत पाहुणे, मोठमोठ्या संस्थांचे प्रमुख, पांढऱ्या केसांचा नुसता कापूस पसरल्यासारखा. मागे सगळी तरुण पोरं. बाईंनी आजोबांना आपल्या शेजारी बसवलं. पलीकडे सचिव होते, टाय गळ्याला फास बसल्यासारखा.

ठिणगी व्यासपीठावर आली. पट्टा तिनं या वेळी स्वतःच्याच छातीला बांधला.

"मी आता श्वास धरते," ती ध्वनिक्षेपकात म्हणाली. "यंत्र वाजलं की ज्यांना ऐकू येईल त्यांनी हात वर करायचा."

आणि तिनं श्वास धरला.

तांबडा दिवा लागला. मागच्या रांगांतून खसखस झाली आणि हात वर होऊ लागले, एक, मग दहा, मग सगळे. कुणी दुसऱ्या हातानं कान झाकले. पुढच्या रांगा मात्र तशाच होत्या. प्रमुख पाहुणे कौतुकानं हसत, मान किंचित पुढे काढून वाट बघत होते. त्यांच्या शेजारचेही. सचिव बुटांकडे बघत होते. बाईंनी आपले हात मांडीवर घट्ट धरले होते, आणि त्या आजन्म जपलेल्या कानांनी ती शांतता ऐकत होत्या. आजोबा व्यासपीठाकडे बघत होते. पोरगी श्वास धरून उभी, गाल लाल होत चाललेले. ते बघून त्यांचाही श्वास अडकला होता.

तिनं श्वास सोडला. बटण दाबलं.

"वाजत होतं," ती म्हणाली.

पुढच्या रांगांतली माणसं मागे वळून बघू लागली. मागे हातांचं रान उभं होतं. काही हात हळूहळू खाली आले. पांढऱ्या डोक्यांमधलं हसू एकेक करून मावळत गेलं.

"हे यंत्र मी माझ्या आईसाठी बनवलं. ते तपासलं माझ्या कानांनी. राखणीला बसवलं माझ्या आजोबांना. आई गेली त्या रात्री ते असंच वाजत होतं." तिनं यंत्राच्या जाळीवर हात ठेवला. "आता यात दुसरा आवाज बसवलाय. पण ज्या यंत्राला बक्षीस मिळालं ते हे नाही. ते बक्षीस मला नको. मला एवढंच सगळ्यांसमोर सांगायचं होतं, की माझे आबा त्या रात्री जागे होते."

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. बरं झालं. मग तिनं दुसरं बटण दाबलं आणि एक जाड, घोगरा, म्हशीनं हंबरावं तसा आवाज खुर्च्यांच्या पायांतून चढत गेला. आजोबा दचकून उभे राहिले. टोपी खाली पडली. दोन पावलं ते व्यासपीठाकडे धावलेसुद्धा, तसेच, हात पुढे करून, जणू दार ढकलायचं होतं.

मग त्यांना उमगलं आपण कुठं आहोत ते. ते मागे येऊन बसले. बाईंनी टोपी उचलून त्यांच्या हातात दिली.

"पोर काय म्हणाली हो शेवटी?" त्यांनी विचारलं. "त्या कर्ण्यातून मला नीट कळलं नाही."

बाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि हळू, जाड आवाजात म्हणाल्या, "म्हणाली, आबा जागे होते."

म्हाताऱ्यानं मान हलवली. टोपी गुडघ्यावर ठेवली, तिच्यावरची धूळ झटकली, पुन्हा झटकली.

"होतोच की," तो म्हणाला.